न्हाणीतल्या चुलीचं धुराडं कधी आणि कसं साफ करायचं?

पाणी तापवताना धूर न्हाणीतच कोंडत असेल, तर कोल्हापूरकडच्या घरांत बहुतेकदा दोष काजळीचा असतो. पावसाळ्यात ओली लाकडं धुमसतात, धूर गार पाइपात गोठतो आणि डांबरासारखा चकचकीत थर बसतो. भुकटीसारखी काजळी ब्रशने निघते, हा थर निघत नाही. तो पेटतोही, म्हणून मोठा जाळ करून काजळी जाळून टाकायचा उपाय अजिबात करू नका!

चूल पूर्ण गार झाल्यावर खालून आरसा आणि टॉर्चने पाहा. थर 3 मिमी झाला की साफसफाई हवीच. तपासणी मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतरही करा. चुलीचं तोंड ओल्या पोत्याने झाका, मास्क लावा, पाइपाच्याच व्यासाचा तारेचा ब्रश वरून खाली फिरवा. वाकणातली काजळी वेगळी काढावी लागते, तिथेच जास्त साचते. टोपीखाली पक्ष्याचं घरटं नाही ना, हेही बघा. गंजून भोकं पडलेला पत्रा बदला, एम-सीलने बुजवू नका. पाइप छपरातून निघतो तिथून किमान 3 फूट वर हवा. डांबरी थर असेल तर पाइपच नवा घाला.