उकळत्या तेलाने हात भाजलाय, बोटांवर फोड आलेत. ड्रेसिंग कसं करायचं?

आधी बांगड्या-अंगठ्या काढा. हात सुजला की त्या निघत नाहीत. नळाच्या साध्या पाण्याखाली हात 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडू नका.

ड्रेसिंगची खरी मेख बोटांत आहे. सगळी बोटं एकाच पट्टीत गुंडाळली, तर ओल्या जखमा एकमेकींना चिकटतात आणि बोटं आखडतात. म्हणून प्रत्येक बोटाला पॅराफिन गॉझ (मेडिकलमध्ये मिळणारी तेलकट जाळी) वेगळी गुंडाळायची, बोटांच्या मध्ये कोरडं गॉझ आणि वरून सैल बँडेज. कापूस थेट जखमेवर कधीच नको, तंतू रुततात. दुसरी पद्धत दवाखान्यात बघितली असेल: सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं जंतुनाशक) क्रीम लावून हात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि पिशवी मनगटाशी सैल बांधतात. दिसायला विचित्र, पण आत बोटं हलवता येतात, आणि हलवायलाच हवीत. हात उशीवर उंच ठेवा.

भाजलेल्या जखमेवर ड्रेसिंग म्हणून केळीचं पान लावण्याबद्दल विचाराल, तर ती निव्वळ आजीबाईची गोष्ट नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केलाय. फक्त ते पान निर्जंतुक केलेलं असतं, परसातलं नव्हे.

तुमच्या बोटांवर फोड आहेत, म्हणजे आजच डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.