दोन वर्षांच्या मुलाला हँड-फूट-माउथ झालंय, तोंडातल्या फोडांमुळे काहीच खात नाही. घरी काय करावं?

खाण्याचा आग्रह चार दिवस सोडा, पाण्याचा सोडू नका. हा आजार बहुतेक वेळा कॉक्सॅकी विषाणूमुळे होतो आणि ७ ते १० दिवसांत आपोआप बरा होतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उगाच मागू नका.

खरा त्रास घशाचा. गिळताना आग होते म्हणून पोर घास तोंडाशी आला की मान फिरवतं. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मापात, खाण्याआधी अर्धा तास द्या. तेवढ्या वेळात दुखणं उतरतं आणि चार घास जातात. गार ताक, दहीभात, फ्रिजमधली पेज, नाचणीची गार आंबील, सगळं चालतं. आइस्क्रीमही. (आजी रागावतील, रागावू देत.) संत्रं, मोसंबी, टोमॅटोचं सार, तिखट-खारट नको. बाटली चोखताना दुखत असेल तर वाटी-चमच्यानं पाजा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आणि तोंड बधिर करणारी जेल मनानं लावू नका.

६-८ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ताप तीन दिवसांपुढे, सारखं दचकणं, झोपेतून नीट जागं न होणं, वारंवार उलट्या: यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

विषाणू शीमधून कित्येक आठवडे बाहेर पडतो, त्यामुळे लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवा. महिन्याभरानं एखादं नख निघालं तर घाबरू नका, नवीन येतं.