तबकडीतला बहुतेक माल ग्रहांच्या वाट्याला येतच नाही

तुम्ही विचारलंय की नवजात ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीचे ग्रह होतात, तर मग उरलेली तबकडी जाते कुठे? खरं तर उरतं तेच जास्त असतं. आपले आठही ग्रह एकत्र तोलले तरी सूर्याच्या वस्तुमानाच्या हजारात दीड भागही भरत नाहीत. ते घडायला लागलेली तबकडी मात्र सूर्याच्या किमान १ टक्का तरी असावी, असा ढोबळ हिशेब आहे.

बराचसा वायू तारा गिळतो. सूर्यासारखा कोवळा तारा साधारण १० कोटी वर्षांत एक सूर्य संपेल या गतीने खात असतो. म्हणजे १ टक्क्याची तबकडी १० लाख वर्षांत फस्त! पण आत पडायचं तर वायूला आपला कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, कुठेतरी टाकावा लागतो. पूर्वी त्याचं श्रेय तबकडीतल्या खळबळीला दिलं जायचं. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने मोजमापं घेतली तर बऱ्याच तबकड्यांत खळबळ फारच क्षीण निघाली. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने वर उडणारे वारे तो संवेग घेऊन जातात, याकडे आता कल आहे. मलाही तेच पटतं.

धुळीची गोष्ट जास्त मजेदार आहे. वायूला आतून दाबाचा थोडा टेकू मिळतो, म्हणून तो ताऱ्याभोवती किंचित सावकाश फिरतो. दगडाला तसा टेकू नाही, त्याला पूर्ण वेगानेच फिरावं लागतं. त्यामुळे त्याच्या तोंडावर सतत समोरून वारा. बारीक धूळ वायूबरोबरच वाहते, डोंगराएवढ्या धोंड्याला वाऱ्याचं काही वाटत नाही. मरण होतं ते मधल्याचं. पृथ्वीइतक्या अंतरावरचा मीटरभर दगड वेग गमावत शे-दोनशे वर्षांत ताऱ्याच्या पोटात जातो. हे १९७७ पासून माहीत आहे आणि तेव्हापासून डोकेदुखी आहे. दूरच्या भागात हीच गत मिलिमीटरभर खड्यांची होते.

सुटका कशी? वाटेत कुठे वायूचा दाब जास्त असलेला पट्टा लागला तर खडे तिथेच अडकून साचतात. २०१४ साली आल्माने टिपलेल्या एचएल टॉरी या ताऱ्याच्या तबकडीच्या चित्रात लख्ख कडी दिसली, ती बहुधा अशीच. तारा जेमतेम १० लाख वर्षांचा, इतक्या लवकर कडी दिसली म्हणून सगळे चाट पडले. पण प्रत्येक कड्यामागे ग्रह असतोच असं समजू नका. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतल्या पोकळीत मात्र दोन ग्रह खरोखर सापडलेत, एक २०१८ साली, दुसरा २०१९ साली.

शेवट झटपट होतो. ताऱ्याचं खाणं मंदावलं की त्याचे अतिनील आणि क्ष-किरण वायू तापवून उडवू लागतात. आतून भगदाड पडतं आणि लाखभर वर्षांत खेळ आटोपतो. सुमारे ३० लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या गेलेल्या असतात. १ कोटी वर्षांपर्यंत टिकलेली टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याची तबकडी म्हणजे अपवादच.

आणि एक घोळ टाळा. १९८४ साली छायाचित्रात पकडलेली बीटा पिक्टोरिस या ताऱ्याची तबकडी यातली नव्हे. तिचं वय सुमारे २ कोटी वर्षं. मूळ धूळ कधीच गेली, आता दिसतो तो आपसांत आदळणाऱ्या लहान पिंडांचा चुरा.