दहशतवादी हल्ल्यानंतर वाचलेल्यांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा आहे. कोणती प्रश्नावली वापरावी?

प्रश्नावलीच्या आधी अभ्यासात कुणाला घेताय ती यादी पाहा. अभ्यास फसतो तो बहुतेक वेळा तिथेच. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची आरोग्य नोंदवही २००३ मध्ये सुरू झाली आणि तीत ७१ हजारांहून जास्त लोक आले. त्यातले साधारण ७० टक्के स्वतःहून आलेले. ज्याला त्रास होतो तोच आधी नाव देतो, मग आजाराचं प्रमाण फुगतं. म्हणून हजेरीपटावरून शोधलेले आणि आपणहून आलेले यांचे आकडे वेगळे काढून ताडून बघा.

'हल्ल्याच्या जवळ होतात का?' हा प्रश्न कुचकामी. धुळीच्या ढगात सापडलात का, ढिगाऱ्यावर पहिल्यांदा कोणत्या तारखेला गेलात, किती दिवस काम केलंत, मास्क होता का, कुणाला मरताना पाहिलंत का, असं सुटं सुटं विचारा. आणि लवकर विचारा. वर्षं गेली की आजारी माणसाला जास्त आठवतं.

हल्ल्याआधीचं मोजमाप मिळालं तर सोनंच. न्यूयॉर्कच्या अग्निशमन जवानांची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणं) आधीपासून होत होती. त्यामुळे पहिल्या सेकंदात फुंकून बाहेर टाकलेली हवा वर्षभरात सरासरी ३७२ मिलीलिटरने घटली, हे ठामपणे सांगता आलं. वयामुळे एवढी घट व्हायला एरवी बारा वर्षं लागतात.

मनासाठी पीसीएल-५ ही प्रश्नावली घ्या, ती पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची, लक्षणं मोजते: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, ३१-३३ च्या पुढे संशय. ही चाळणी आहे. निदान मुलाखतीतूनच होतं, आणि महिना उलटल्याशिवाय पीटीएसडी म्हणता येत नाही. एकाच फेरीवर थांबू नका. न्यूयॉर्कच्या नोंदवहीत हल्ल्याआधी पीटीएसडी नसलेल्या प्रौढांमध्ये दोन-तीन वर्षांनी लक्षणं १४.३ टक्क्यांत होती, पाच-सहा वर्षांनी १९.१ टक्क्यांत. (तिथे जुनी १७ प्रश्नांची आवृत्ती होती, तिचे गुण पीसीएल-५ शी थेट जुळवू नका.)

धाप लागते ती दम्याने की धास्तीने, हे नुसतं विचारून कळत नाही, फुंकून घ्यावंच लागतं. दोन्ही एकत्रही असतात.

स्फोट बंदिस्त जागेत झाला असेल, २००६ च्या मुंबई लोकलसारखा, तर जखम नसलेल्यांचेही कान तपासा. पडदा भरून येतो, पण आतल्या कानाचं नुकसान राहू शकतं. ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची यंत्रावरची चाचणी) काही महिन्यांनी पुन्हा करा.

नैतिक समितीची मंजुरी घ्या, मुलाखतीच्या दिवशी समुपदेशक हजर ठेवा. आणि प्रत्येकाच्या दोन नातेवाइकांचे नंबर लिहून घ्या, कारण पुढच्या फेरीपर्यंत निम्मे नंबर बदललेले असू शकतात.