अर्ज ज्याचा, सही त्याची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रामबागेतल्या माहिती अधिकाराच्या सभेला अकराच माणसे आली आणि ‘पारदर्शक कारभार’ हे शब्द ऐकताच त्यांतली निम्मी घड्याळाकडे पाहू लागली, असे तू खिन्न होऊन लिहिले आहेस. मला त्यांचा राग आला नाही, थोडा तुझाच आला. घरी नर्मदेच्या पाण्याचा नळ कोरडा असलेल्या काकूंना तू लोकशाहीची तत्त्वे ऐकवत होतास.

१९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संगठन या कष्टकऱ्यांच्या संघटनेने राजस्थानातल्या जनसुनवाईत, म्हणजे गावासमोरच्या खुल्या सुनावणीत, सरकारी कामांचे हजेरीपट वाचले, तेव्हा मजुरांना न मिळालेल्या मजुरीपुढे स्वतःची नावे ऐकू आली. माहितीच्या हक्कासाठी १९९६ मध्ये ब्यावरला झालेले चाळीस दिवसांचे धरणे त्या संतापावर उभे राहिले. म्हणून सांगतो, अर्ज ज्याचा, सही त्याची. काकूंना त्यांच्या गल्लीतल्या जलवाहिनीचा खर्च विचारू दे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कारण सांगावे लागत नाही, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आणि लिहिता न येणाऱ्याची तोंडी विनंती कागदावर उतरवण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचेच काम आहे. ‘त्यांना लिहिता येत नाही’ ही तुझी सबब त्यामुळे चालायची नाही.

अशी एक सबब माझ्याकडेही होती. शेजारच्या एका वृद्धेची पेन्शन अडली, तेव्हा लवकर काम व्हावे म्हणून मी स्वतःच्या नावाने अर्ज केला. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तो फेटाळला गेला आणि तिचे आणखी काही महिने गेले. तरीही मी सुधारलो नाही. इतरांसाठी इतके अर्ज केले की कपाट भरले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मात्र पुढचे अपील करायला गल्लीतून एकही माणूस उठला नाही. त्यांना मीच सवय लावली होती. (त्या अर्जांनी दोन रस्ते झाले, हेही खरे आहे आणि ते मी कोणाला विसरू देत नाही. पण आता त्या रस्त्यांवर खड्डे पडले आहेत आणि विचारणारा कोणी नाही.)

तेव्हा पुन्हा सांगतो, सही त्याची. वेळ लागेल, अक्षर वाकडे येईल, काकू अर्ध्यावर चहा ठेवायला उठतील; तू शेजारी बसून राहा, पण पेन हातात घेऊ नकोस. पुढच्या पत्रासोबत अर्जाची पोच पाठव. तिच्यावर तुझे नाव दिसले, तर मी उत्तर लिहिणार नाही.

तुझा,
काका