आयर्लंडच्या टीव्हीच्या इतिहासात कोणतं वर्ष सर्वात महत्त्वाचं?

बरेच जण 1962 म्हणतील. 31 डिसेंबर 1961 च्या रात्री तिथला सरकारी टीव्ही सुरू झाला आणि पुढच्याच जुलैत 'द लेट लेट शो' आला. हा गप्पांचा कार्यक्रम गे बर्न यांनी पुढे अनेक दशकं चालवला. ते वर्ष मोठंच, पण माझं उत्तर 1996.

त्या वर्षी 31 ऑक्टोबरला आयरिश भाषेची स्वतःची वाहिनी सुरू झाली, 'टेलिफिश ना गेल्गे'. ही हॅलोवीनची, म्हणजे जुन्या केल्टिक सणाची रात्र. वाहिनीचं मुख्यालय डब्लिनमध्ये नाही, तर पश्चिमेला गॉलवेजवळच्या कॉनेमारा भागात आहे. तिथे आजही लोक घरात, दुकानात आयरिश बोलतात. मला हाच निर्णय सर्वात मोलाचा वाटतो. भाषा जिथे जगते तिथेच कॅमेरे, तिथेच नोकऱ्या!

हे आपोआप घडलं नाही. 1969 पासून गेलटाख्टमधले, म्हणजे आयरिशभाषक भागातले, तरुण हक्कांसाठी भांडत होते. 1972 मध्ये रेडिओ मिळाला. टीव्ही मिळेना, तेव्हा 1987 मध्ये रॉस मक गावातून कार्यकर्त्यांनी विनापरवाना प्रक्षेपण करून दाखवलं. शेवटी मंत्री मायकल डी. हिगिन्स यांनी ही वाहिनी प्रत्यक्षात आणली. हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

1996 मध्येच या वाहिनीवर सुरू झालेली 'रॉस ना रून' ही मालिका पाहा. आयरिशभाषक खेड्यातली भांडणं, प्रेम, गुपितं, सगळं आयरिशमध्ये, खाली इंग्रजी सबटायटल्स. 1999 मध्ये वाहिनीचं नाव टीजी 4 झालं.