‘सर्व इस्राएल’ कोण?

प्रश्न : बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्रात (११:२६) ‘सर्व इस्राएल’ तारले जाईल असे म्हटले आहे. हे ‘सर्व इस्राएल’ म्हणजे यहुदी की मंडळी (ख्रिस्ती विश्वासणारे)?

उत्तर : आधी ११:२५ वाचा. तिथे इस्राएल परराष्ट्रीयांहून (यहुदी नसलेल्यांहून) वेगळा आहे. पुढच्याच ओळीत अर्थ पालटला असे मानणे कठीण. तरी १६व्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनने यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सर्व लोक असा अर्थ घेतला. १९व्या शतकात बायबल-शिक्षक डार्बीने इस्राएल आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या निरनिराळ्या योजना मानल्या; १९०९च्या स्कोफील्ड बायबलने (टिपांसह छापलेले बायबल) हे मत दूरवर नेले. मला मधली वाट पटते : यहुद्यांचे तारण पुढे होईल, पण देवाच्या लोकांचे जैतुनाचे झाड एकच; यहुदी त्याच्या मूळ फांद्या, परराष्ट्रीय कलम केलेल्या (११:१७–२४). मात्र १९४८चे इस्राएल राष्ट्र या वचनात घुसवू नका. इथे तारणाची गोष्ट आहे, सीमांची नाही. आणि ११:१८ मूळ फांद्यांपुढे फुशारकी मारायला स्पष्ट मनाई करते.